मग ताट कोण उचलतं?

मुलाखत कोल्हापुरात, एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होती. २०१२ चा डिसेंबर. मी अकरावी सायन्सला होतो. रोटरी क्लबच्या युथ एक्स्चेंजसाठी, म्हणजे परदेशात दुसऱ्याच्या घरी राहून वर्षभर तिथल्या शाळेत जायच्या अदलाबदलीसाठी आलेली आम्ही नऊ पोरं बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचे आईवडील. मी पाठांतर करून गेलो होतो. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया, आणि रोटरीची ती चार प्रश्नांची कसोटी, जिच्यातला पहिलाच प्रश्न ‘हे सत्य आहे का?’ असा आहे.

आत गेल्यावर यातलं कुणी काहीच विचारलं नाही. ऊस किती, म्हशी किती, भांडण झालं तर काय करतोस, रडू कधी आलं होतं, असले प्रश्न. कोपऱ्यात बसलेल्या एका डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलं, “घरी जेवल्यावर तुझं ताट कोण उचलतं?”

“मीच,” मी म्हणालो.

मग मला बाहेर पाठवलं आणि आण्णांना आत घेतलं. आईवडिलांची मुलाखत वेगळी असते हे मला माहीत होतं. प्रश्न तेच असतात हे माहीत नव्हतं. जयसिंगपूरला परत जाताना एसटीत आण्णा म्हणाले, “त्या बाईनं काय बी इचारलं बघ. म्हणे पोराचं ताट कोण उचलतं. म्हटलं, त्याची आई. आनि कोण उचलणार?”

तरीही माझी निवड झाली. का झाली हे बऱ्याच वर्षांनी त्या डॉक्टरबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, नऊच्या नऊ पोरं ‘मीच’ म्हणाली होती.

घरात खरा वाद झाला तो बारावीवरून. एक्स्चेंजला पंधरा ते एकोणीस या वयातली मुलं घेतात, म्हणजे आपल्याकडं नेमकी दहावी-बारावीच्या मधली. परदेशात अकरा महिने शाळेत बसायचं, पण त्या शाळेच्या हजेरीचा इकडं बोर्डाला काही उपयोग नाही. परत येऊन बारावी करायची, तोवर बरोबरचे पुढं गेलेले. मामा म्हणाले, वर्ष वाया. आत्या म्हणाली, पोरगं वाया. आज्जा फक्त एवढंच म्हणाला, “ब्राझील म्हंजे फुटबॉल न्हवं का? ह्ये तर कबड्डीत बी पयलं आऊट हुतंय.”

मला खरं तर जर्मनी हवा होता. पसंतीच्या यादीत ब्राझील तिसरा होता आणि तो लिहिला तोही जागा भरायची म्हणून. फॉर्म वीसेक पानांचा, चार प्रतींत, प्रत्येक सही निळ्या शाईत. त्यात दाताच्या डॉक्टरचासुद्धा दाखला. होस्ट फॅमिलीला पत्र लिहायचं होतं. मी मित्राच्या ताईकडून ते इंग्रजीत इतकं भारी करून घेतलं की पुढं ब्राझीलमधल्या लोकांना वाटत होतं, मी व्हायोलिन वाजवतो. तिथल्या क्लबच्या आणि शाळेच्या सहीचं हमीपत्र आलं, मग मुंबईत ब्राझीलच्या वकिलातीत व्हिसा, मग पीतज्वराची लस. ती नसेल तर ब्राझीलहून परत येताना आपल्याच देशात अडवतात. तिकीट, विमा, सगळं मिळून दोन लाखांच्या घरात गेलं. ते कारखान्याच्या ऊसबिलातून आलं, म्हणून त्या वर्षी स्लॅब पडायचा राहिला. हे लिहायलाच हवं, कारण या कार्यक्रमाबद्दल बोलताना ‘तरुणांना संधी’ वगैरे म्हणतात तेव्हा ज्यांच्या घरी ऊसबिल येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न कुणी काढत नाही. तिकडं राहणं-जेवण यजमान घराचं असतं, महिन्याला थोडा हातखर्च तिथला क्लब देतो, हे खरं. पण विमानापर्यंत पोचायलाच एक स्लॅब लागतो.

निघण्याआधी दोन दिवसांचं शिबिर झालं. त्यात चार ‘डी’ सांगितले: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग. यातलं काहीही केलं तर पुढच्या विमानानं घरी. आज्ज्यानं हे ऐकून विचारलं, “मग तिकडं जाऊन करायचं काय?”

२०१३ च्या ऑगस्टमध्ये, गडद निळा ब्लेझर घालून मी दुबईमार्गे साओ पाउलोला आणि तिथून लहान विमानानं उबेरलांजियाला उतरलो. तिथून शंभरेक किलोमीटरवर उबेराबा. मिनास जेराइस राज्यातलं, समुद्रापासून खूप आत असलेलं गाव. लाल माती, कोरडी हवा आणि मैलोन् मैल ऊस. पंधरा हजार किलोमीटर उडून मी शिरोळ तालुक्यातच उतरलो की काय, असं वाटलं. फक्त फडात माणूस दिसेना, सगळी तोडणी यंत्रानं. आणि पंपावर गाडी थांबली की पोऱ्या विचारायचा, पेट्रोल की अल्कोहोल? त्या उसाचंच इथेनॉल.

विमानतळावर माझ्या नावाचा फलक धरून दहा-बाराजण उभे होते. मला बघताच सगळे ओरडले, “ओय!” मी दचकलो. आमच्याकडं ओय म्हणून हाक मारली की पुढं शिवी असते. तिकडं तो नमस्कार आहे. मग एकेकीनं पुढं येऊन गालाला गाल लावला. मी हात पुढं केलेला होता तो एका बाईंच्या पोटात लागला.

पोर्तुगीज मला वीसेक वाक्यं येत होती, तीही चुकीची. पण पहिल्याच आठवड्यात एक गंमत कळली. स्वयंपाकघरात होस्ट आई म्हणाली, बटाटा दे. बटाटाच म्हणाली! पाव म्हणजे पाउं, काजू म्हणजे काझु, चावी म्हणजे शावी, साबणाला साबाउं, कोबीच्या जातीची हिरवी पानं बारीक चिरून परततात त्यांना कोवी. मोठ्या लाकडी पसरट भांड्याला गामेला म्हणतात, ते आमचं घमेलं. ‘पगार’ हे तिकडं क्रियापद, पैसे देणे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले शब्द आमच्या आज्जीच्या तोंडापर्यंत आले होते, आणि आज्जीला ते आपलेच वाटायचे. मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि यादी करायला लागलो. अडतिसावर गेली.

सगळ्यात कठीण शब्द दोन निघाले. आईला ‘मांय’ म्हणतात. ते म्हणताना घशात काहीतरी व्हायचं, कारण आमची आज्जी तिच्या आईला मायच म्हणायची. आणि वडिलांना म्हणतात ‘पाय’. रात्री जेवायला बसलं की मी त्या भल्या माणसाला, पाय, मीठ द्या, म्हणायचो आणि एकटाच हसायचो. ते का हसतोस म्हणून विचारायचे, आणि समजावून सांगण्याइतकी भाषा नव्हती. समजावता आलं ते नोव्हेंबरात. ती माझी पोर्तुगीजमधली पहिली विनोदाची गोष्ट. मी उठून पायाला हात लावला आणि म्हणालो, माझ्या भाषेत पाय हा, आणि मोठ्या माणसांच्या आम्ही पाया पडतो, त्यामुळं हिशोब बरोबर आहे. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण ऑगस्ट ते नोव्हेंबर यांच्या मध्ये सप्टेंबर आणि ऑक्टोबर आहेत.

पहिला महिना तुम्ही पाहुणे असता. शाळेत सगळे येऊन बोलतात, तुमच्या भाषेत माझं नाव लिहून दे म्हणतात, साप बघितलास का, हत्ती आहे का विचारतात. दुसऱ्या महिन्यात त्यांचं ते बघून होतं. माझ्या वर्गातल्या पोरांना ऑक्टोबरच्या शेवटी एनेंची परीक्षा होती, म्हणजे त्यांची बारावीच. त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता, आणि का असावा? सकाळी सातला शाळा, साडेबाराला सुटायची. साडेपाच तास मी न कळणारी भाषा ऐकत बसायचो. गावाकडं मी वर्गातला बोलका पोरगा. स्नेहसंमेलनात निवेदन माझं. अकरावीत ‘रायला’ म्हणजे रोटरीचं तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर केलं होतं. डोळे बांधून एकमेकांना चालवायचं, वर्तमानपत्राचा मनोरा करायचा, शेवटी दोन मिनिटं भाषण. त्यात मला बेस्ट स्पीकरचं प्रमाणपत्र होतं. ते घेऊन मी उबेराबात मुका बसलो होतो.

मग मी खोलीत बसायला लागलो. लॅपटॉप, हेडफोन, मराठी गाणी. घरी आठवड्यातून एकदाच फोन करायचा असं ठरलं होतं. मी मित्रांशी रोज बोलायला लागलो. घड्याळ साडेआठ तास मागं, त्यामुळं झोपेचं वाटोळं. जेवायला हाक आली की जायचं, जेवायचं, ओब्रिगादो म्हणजे धन्यवाद म्हणायचं, उठून खोलीत.

होस्ट भाऊ बारा वर्षांचा होता. एके रात्री मी उठलो तसा तो म्हणाला, “तुमच्या घरी एम्प्रेगादा आहे का?” म्हणजे कामाला बाई.

“नाही.”

“मग ताट कोण उचलतं?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. टेबलावर माझं ताट होतं, त्यात घेवड्याच्या काळ्या आमटीचा ओघळ आणि दोन भाताची शितं. बाकी तिघांची ताटं त्यांच्या हातात होती. दोन महिने रोज ती तशी त्यांच्या हातात असणार. मी बघितलंच नव्हतं. होस्ट आई शाळेत शिकवून यायची, होस्ट वडील दवाखान्यातून. माझं ताट दोन महिने कोण धूत होतं?

“आई,” मी म्हणालो. यावेळी खरं सांगितलं. मांय नळ सोडून वळली, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. मी ताट उचललं. भांडी घासायची म्हणजे आधी खरकटं काढायचं असतं हेही मला माहीत नव्हतं. सिंक तुंबलं.

दोन दिवसांनी क्लबच्या काउन्सेलर बाई मला उसाचा रस प्यायला घेऊन गेल्या. तिकडं रसाबरोबर तळलेला पास्तेल खातात. त्यांनी सावकाश, मला कळेल अशा पोर्तुगीजमध्ये सांगितलं की त्या घरातल्यांना वाटतंय, तुला ते आवडत नाहीत. मी म्हणालो, मला भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, भांडी पुसायला भाषा लागत नाही. त्या दिवसापासून मी जेवल्यावर सिंकपाशी उभा राहायला लागलो, मांय धुवायची आणि मी पुसायचो, आणि माझं निम्मं पोर्तुगीज तिथंच झालं. चमचा, झारा, पुस, नीट पुस, पडेल, पडलं.

मिनासच्या लोकांची एक लकब आहे. कुठल्याही वस्तूला ते ‘त्रें’ म्हणतात. मूळ अर्थ आगगाडी, पण मिनासमध्ये चमचाही त्रें, औषधही त्रें, पोटात दुखतं तेही त्रें. आमच्याकडं ‘ते हे’ म्हणतात तसं. शब्द आठवला नाही की मी त्रें म्हणायचो आणि सगळे खूश, पोरगा मिनेरू झाला म्हणायचे.

आमच्या तुकडीतली एक मुलगी, वेगळ्या देशात गेलेली, दोन महिन्यांत परत आली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यांना येतो. माझ्या वाट्याला बारा वर्षांचा एक बेधडक पोरगा आला, तिच्या वाट्याला आला नसेल.

जानेवारीत दुसऱ्या घरी गेलो. साधारणपणे वर्षात तीन घरं असतात, आणि पहिल्यातून निघताना तुम्ही रडता. हे दुसरं घर गुरांवर चालणारं. गावात बंगला, पण शनिवार-रविवार फाझेंदावर, म्हणजे शेतावर. पहिल्या शनिवारी जीपमधून उतरलो आणि समोर कुरणात जी गाय उभी होती ती बघून माझे पाय थांबले. लांब लोंबते कान, घुमटासारखं कपाळ, मागं वळलेली शिंगं, लालसर अंगावर पांढरे ठिपके. गीर. पंधरा हजार किलोमीटरवर, माझ्याकडं बघत रवंथ करणारी गीर गाय.

उबेराबा ही ब्राझीलमधली झेबूंची, म्हणजे आपल्या वशिंडाच्या गुरांची राजधानी आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर भाषा कळली नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथले व्यापारी जहाजानं हिंदुस्थानात येऊन गुरं घेऊन गेले. शेवटची मोठी खेप १९६२ ची, ती गुरं आधी समुद्रातल्या फर्नांदो दि नोरोन्या बेटावर विलग ठेवली होती. आंध्रातली ओंगोल तिकडं नेलोरे झाली, नेल्लोर जिल्ह्यावरून, आणि आज ब्राझीलच्या मांसाच्या गुरांत तिचाच भरणा आहे. गुजरातची कांकरेज गुझेरा झाली. गीर मात्र गीरच राहिली, दुधासाठी. त्यांनी तिची होल्स्टीनशी जोड लावून गिरोलांदो काढली.

दुसऱ्या दिवशी रविवार, शुरास्को. विटांची मोठी भट्टी, लांब सळयांना लावलेलं मांस, जाडं मीठ, चाळीसेक पाहुणे. आमच्याकडं कोंबडी-मटण चालतं, हे नाही. फॉर्ममध्ये लिहिलं होतं, पण फॉर्म कोण वाचतं? नवे पाय सळई घेऊन माझ्यापाशी आले, सुरीनं पातळ काप काढला आणि चिमटा घे म्हणाले. मी मान हलवली. पिकान्या आहे, सगळ्यात चांगला भाग, ते म्हणाले. सगळे बघायला लागले. सात महिन्यांपूर्वी बेंदराला मी आमच्या बैलांची शिंगं रंगवली होती, आज्जीनं त्यांच्या तोंडात पुरणपोळी घातली होती. हे सगळं सांगण्याइतकं पोर्तुगीज एव्हाना होतं. सांगितलं. वर्षातून एक दिवस आम्ही बैलाकडून काम घेत नाही, त्याला धुतो, सजवतो, ओवाळतो, गावातून मिरवतो. कुणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, किती सुंदर. पाय सळई तशीच धरून उभे. मग म्हणाले, “ठीक. तू खाऊ नकोस. पण मला सांग, तुझ्या घरच्या गाईच्या आईचं नाव काय?”

मला कळेना.

“तिची आई. तिची आजी. बाप कोण? पहिल्या वेतात किती दूध होतं?”

आमच्याकडं एक गाय होती, बाजारातून आणलेली. ती तांबडी होती. तिचं नाव तांबडी होतं. याच्यापुढं मला काही माहीत नव्हतं, आण्णांनाही नसावं.

त्यांनी सळई दुसऱ्याच्या हातात दिली आणि मला घरात नेलं. भिंतीवर एक काळा-पांढरा फोटो होता. हॅट घातलेले दोन गोरे, मध्ये बैल, आणि बैलाची वेसण धरलेला एक पागोटेवाला. काठियावाडातला असणार. हॅटवाल्यांपैकी एक त्यांच्या आज्याचा मित्र. पागोटेवाल्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात नोंदवही आली, जाडजूड, आणि त्यात एकेका जनावराची वंशावळ. नेलोरेच्या पानांत नावं: कारवाडी, ताजमहाल, गोदावरी. गोदावरी हा बैल होता! मी सांगितलं की गोदावरी आमच्याकडं नदी आहे, आणि ती बाई आहे. उआय, ते म्हणाले, हा मिनासचा खास उद्गार, उआय, तीस वर्षं त्याचं नाव घेतोय, कुणी बोललं नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. हा माणूस गाय खातो. मी गाय खात नाही, तिला ओवाळतो. आणि या माणसाला त्याच्या प्रत्येक गाईची पणजी तोंडपाठ आहे. यातून मी काही मोठा निष्कर्ष काढला नाही, आजही काढलेला नाही. पिकान्या मी शेवटपर्यंत खाल्ली नाही आणि त्यांनी पुन्हा कधी पुढं केली नाही. माझ्यासाठी भट्टीच्या कडेला कोंबडीची एक सळई लागायची. पण सोमवारपासून शाळा सुटली की मी गोठ्यावर जायला लागलो. सकाळ-संध्याकाळच्या धारेचं दूध तोलायचं आणि वहीत मांडायचं, हे काम मी मागून घेतलं.

मे महिन्यात एक्स्पोझेबू आलं, उबेराबाचं वर्षाचं गुरांचं प्रदर्शन. गाव ओसंडून वाहतं. जनावरांना शाम्पू, पंखे, राखणदार त्यांच्या शेजारीच गवतावर झोपलेले. दुधाच्या स्पर्धेत दिवसाला पन्नास लिटरच्या वर देणारी गीर मी डोळ्यांनी बघितली, गीर! गुजरातहून काही पशुवैद्य आणि पशुपालक आले होते. त्यांना पोर्तुगीज येत नव्हतं, इकडच्यांना हिंदी. दोन दिवस मी मध्ये उभा. माझी हिंदी कोल्हापुरी, माझं पोर्तुगीज मिनासचं, आणि विषय वळूच्या वीर्याच्या कांड्या. कांडीला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात हे मला येत होतं आणि हिंदीत येत नव्हतं. एका काकांनी विचारलं, बेटा तू इथं काय कोर्स करतोस? मी म्हणालो, काही नाही, भांडी पुसतो. त्यांना वाटलं, थट्टा करतोय.

नेतृत्व म्हणतात ते त्या वर्षात मी कुठं केलं, असं मला व्याख्यानाला बोलावणारे विचारतात. मी कुठंच केलं नाही. अकरा महिने मी कुणाच्या ना कुणाच्या मागून चाललो, विचारत. हे काय, ते कुठं, असं करू का? आपल्याकडं हुशार पोरानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं. रायलाच्या तीन दिवसांत मला सांगायला शिकवलं, ते वाईट होतं असं नाही, मंचाची भीती त्यामुळंच गेली. पण विचारायची लाज जायला ब्राझील लागलं.

तिसरं घर एका आजीचं. मुलगा-सून वरच्या मजल्यावर, खाली ती आणि मी. आजीला तिकडं ‘आवो’ म्हणतात, लाडानं नुसतं ‘वो’. आमच्याकडं बायका नवऱ्याला आवो म्हणतात हे मी तिला सांगितलं तर ती लाजली. ती भेंडी घालून कोंबडी करायची, ती मिनासची खासियत, आणि भेंडीची तार धरू नये म्हणून काय करायचं यावर तिचं आणि माझ्या आईचं, माझ्या मध्यस्थीनं, स्काइपवर पाऊण तास बोलणं झालं.

वर्ल्ड कप त्याच वर्षी ब्राझीलमध्ये. ८ जुलैला उपांत्य सामना, आमच्याच मिनास राज्यात, बेलो होरिझोंतीला, जर्मनीशी. घरात पंचवीस माणसं, पिवळे शर्ट, बाहेर फटाके. अकराव्या मिनिटाला पहिला गोल बसला. मग तेविसाव्या, चोविसाव्या, सव्विसाव्या, एकोणतिसाव्या. मला वाटलं, परत परत तोच दाखवतायत. पाच झाले होते. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. वो उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि स्वच्छ असलेली भांडी धुवायला लागली. मी जाऊन फडकं घेतलं. ती धूत होती, मी पुसत होतो. शेवटी ७–१ झालं तेव्हा आमची सगळी मांडणी चकाचक होती. चार दिवसांनी माझं विमान होतं.

मी तिकडं असताना घरी माझ्या खोलीत साडेतीन महिने फ्रान्सहून आलेली एक मुलगी राहून गेली. अदलाबदल ती हीच, तुमचं एक जातं तर दुसऱ्याचं एक येतं. मला तिचा राग यायचा. माझी चादर, माझी खिडकी, आज्जी फोनवर तिचंच कौतुक सांगणार. ठेचा खाते म्हणे. आईला इंग्रजी येत नाही, तिला मराठी नाही, दोघींचं काय चालायचं देव जाणे.

जुलैत परत आलो. पहिल्या रात्री जेवायला बसलो तर पाटावर पाच ताटं. आज्जा, आज्जी, आण्णा, मी, आणि आई. आई आमच्याबरोबर बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. ती नेहमी मागून, उभ्या-उभ्या, तव्यावरची शेवटची भाकरी. मी आण्णांकडं बघितलं. ते ताटात बघत म्हणाले, “ती पोरगी जेवायचीच न्हाई. आई बसल्याबिगर हातच लावायची न्हाई. किती दीस उपाशी ठेवणार?”

जेवण झाल्यावर मी पाची ताटं उचलली. आज्जी म्हणाली, “ठेव रं, दमून आलायस.” आई काही म्हणाली नाही. तिनं बादली पुढं सरकवली.

बारावी केली, बरोबरच्यांच्या एक वर्ष मागून. मार्क बरे पडले, फार नाही. पुढं कृषी पदवी घेतली आणि घरीच राहिलो. मामा अजूनही म्हणतात की ते वर्ष नसतं तर मी इंजिनिअर झालो असतो, आणि ते खरं असू शकेल. तांबडीची आई कोण हे शोधायला मी दोन बाजार पालथे घातले. सापडली नाही. २०१९ ला एक गीर गाय आणली, कागदपत्रांसकट, आणि गोठ्यात काटा टांगला. रोज दोन वेळा दूध तोलून वहीत मांडतो. आण्णा आधी म्हणायचे, तोलून दूध वाढतं व्हय? आता मी गावाला गेलो की तेच मांडतात, आणि माझ्यापेक्षा नीट.

मुलाखतीच्या पॅनेलवर आता मलाही बसवतात. ताटाचा प्रश्न मी विचारत नाही. तो आता पोरांना माहीत झालाय, क्लासवालेसुद्धा तयारी करून घेतात.

दर मे महिन्यात एक्स्पोझेबूच्या मांडवातून दुसऱ्या घरच्या पायांचा व्हॉइस मेसेज येतो. मागं गुरांचं हंबरणं, लाउडस्पीकर. एकच प्रश्न असतो: किती? पहिल्या वर्षी मी सांगितलं, नऊ. पुढं बारा झाले, चौदा झाले. त्यांच्या हिशोबानं ते वासराला पाजण्याइतकं. यंदा मी म्हणालो, सतरा.

मिनिटभरानं उत्तर आलं. “उआय! खोटं बोलतोस. वही दाखव.”

मी गोठ्यात गेलो, खिळ्याला अडकवलेली वही काढली आणि त्या पानाचा फोटो पाठवला.